गंजलेले प्लग आणि कडक झालेलं कॉइलचं सील: तिसऱ्या सिलिंडरचा माग

मंडळी, माझी गाडी मिसिंग का मारते, म्हणजे एका सिलिंडरची ठिणगी का चुकते, ते सापडलं. स्पार्क प्लग गंजलाय खरा, पण मूळ दुखणं पाण्याचं आहे.

सोलापुरात होटगी रोडला चौथ्या गिअरमध्ये, वेग कमी असताना एक्सलेटर दाबला की झटके यायचे. न्यूट्रलला इंजिन एकदम शांत. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. मग प्लगच्या ओल्या सिरॅमिकवरून (पांढऱ्या भागावरून) थेट बॉडीला जाणं विजेला सोपं पडतं. स्कॅनरने पी०३०३ दाखवला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंगचा कोड. तिसरी कॉइल (प्लगला व्होल्टेज देणारी) दुसऱ्या सिलिंडरवर लावली तरी कोड तिसऱ्यालाच चिकटून राहिला, तेव्हा कॉइल निर्दोष ठरली आणि संशय प्लगच्या विहिरीवर, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकावर, आला.

विहिरीत तळाशी पाणी, प्लगच्या षटकोनावर गंजाचे पापुद्रे. तेल असतं तर टॅपेट कव्हरखालचं सील बघावं लागलं असतं. सिरॅमिकवर तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका, ते नेहमीचंच. इथे मात्र उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ होती. वीज तिथूनच पळत होती. अशी रेघ दिसली की प्लग आणि बूट (कॉइलची प्लगवर बसणारी रबरी नळी) दोन्ही बदलायचे, पुसून भागत नाही.

प्लग काढताना घाई नको. इंजिन पूर्ण गार हवं, कारण हेड ॲल्युमिनियमचं, गरम असताना त्याचे आटे खराब होऊ शकतात. आधी कॉम्प्रेसरच्या हवेने विहीर साफ करा, नाहीतर गंजाचे तुकडे सिलिंडरमध्ये पडतील. गंज सोडवणारं तेल टाकून थांबलो, मग पाना थोडा पुढे, थोडा मागे. नवा प्लग आधी हातानेच आट्यांत बसवला. १४ मिमीच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क चालतो, पण शेवटचा शब्द आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा.

आता खरा प्रश्न: पाणी तिसऱ्याच विहिरीत का? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, त्यात बॉनेटखालची धग. कॉइलच्या वरच्या रबरी रिंगा, म्हणजे सील, चारही कडक झाल्या होत्या. तरी तीन विहिरी कोरड्या! विहिरींच्या तोंडाशी टिश्यू पेपर ठेवून गाडीच्या पुढच्या काचेवर मगाने हळूहळू पाणी सोडलं. वायपरखालच्या जाळीची निचऱ्याची वाट कडुलिंबाच्या पाल्याने तुंबलेली; पाणी कडेवरून बरोबर तिसऱ्या कॉइलवर ठिबकत होतं. हे बघितल्याशिवाय नवे प्लग टाकले असते तर तेही गंजलेच असते.

पाला काढला, तिसऱ्याला नवा बूट आणि रिंग बसवली. बुटाच्या आतल्या ओठाला सिलिकॉन डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात दिला. साधं ग्रीस रबर फुगवतं. कॉइलचा बोल्टही नीट आवळा. तो ढिला असला तर नवी रिंगही उचललेलीच राहते.

झटके बंद झालेत. उरलेल्या तीन रिंगा मागवल्या आहेत. त्या येईपर्यंत वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडू देत नाही, आणि जोराचा पाऊस झाला की तिसरी कॉइल उपसून विहीर बघणार आहे.