उजवी मिशी

कालपासून दुसरं काही सुचत नाहीये. लाल लेबल टाचणीत सरकवताना चिमटा निसटला आणि होलोटाइपची, म्हणजे नव्या जातीचं नाव ज्या एका नमुन्यावर ठरतं त्या पतंगाची, कंगव्यासारखी उजवी मिशी मुळापासून तुटली. जेमतेम पाच मिलिमीटरचा तो कंगवा पांढऱ्या कागदावर पडला. मी श्वास रोखून बसले, कारण उसासा टाकला असता तर तोही उडून गेला असता.

दोनच नर मिळाले होते. जैसलमेरच्या पुढे सेवण गवताच्या माळावर, पाऊस येऊन गेल्यावर तिसऱ्या रात्री. जिथे वर्षाला 200 मिलिमीटरही पडत नाही, तिथे अशा रात्री किती येणार? दुसऱ्याच्या पंखांचे खवले झडलेले, म्हणून हा निवडला. तीन वर्षं जिवापाड जपला आणि शेवटच्या लेबलाला माझ्याच हाताने हे व्हावं. आईला अजून कळवलं नाही. जातीच्या नावाचं तिच्याशी बोलणं झालं होतं, पण ते जाऊ दे.

रात्रभर एकच घोळत होतं. याचं पोट मीच काढलं, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवलं, जननांगं सोडवली. जात नवी ठरली ती त्यावरूनच. डीएनएसाठी एक पायही मीच काढला. तेव्हा हात थरथरला नाही. मग एका मिशीचं इतकं का लागावं? ते कामी आलं आणि हे वाया गेलं, म्हणून?

तेवढंच नाही. नराची मिशी म्हणजे त्याचं नाक. मादीचा गंध हवेतून टिपायचा तो याच दात्यांनी. त्या रात्री तो कुठेतरी निघाला असेल, आणि वाटेत आमचा पडदा नि दिवा आला. हे मी आजवर मनात येऊच दिलं नव्हतं.

सर फोनवर म्हणाले, "तुटली तर तुटली असं लिही. लपवायचं नाही." मग मी हॅम्प्सनचा भारतातल्या पतंगांवरचा जुना ग्रंथ काढून बसले. 1892 ते 1896, चार जाड खंड. त्या काळातल्या कितीतरी नमुन्यांना आज पोट नाही, पाय नाहीत, आणि तरी आपण अजून त्यांच्याशीच ताडून बघतो. वाचता वाचता छातीवरचं ओझं जरा हललं.

सकाळी बारीक कुंचल्याने मिशी उचलली, जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये ठेवली, कॅप्सूल त्याच टाचणीला टोचली. वर्णनात ओळ घातली: 'उजवी शृंगिका तुटलेली, कॅप्सूलमध्ये जतन.' आता डावीचे दाते मोजतेय. 27 पर्यंत आले आणि नजर हलली. पुन्हा पहिल्यापासून.