रात्री तीनची नोंद

सभा सकाळी दहाची होती. आदल्या संध्याकाळी मी पालिकेच्या सभागृहात एकटीच बसून पडद्यावरची चित्रं शेवटची तपासत होते. चौदा महिन्यांचं काम होतं ते, शहराचा २०५० पर्यंतचा शाश्वत विकास आराखडा. कचरा, वाहतूक, इमारती, झाडं, वीज अशी प्रकरणं होती आणि त्यांतली बहुतेक पाण्याच्या प्रकरणाला टेकून उभी होती. पाण्याच्या प्रकरणात एकच मोठा प्रस्ताव होता, नदीच्या वरच्या अंगाला दुसरं धरण. त्यासाठी एक आख्खी दरी बुडणार होती. त्याचं मला मनापासून वाईट वाटत होतं. पण आलेखातली मागणीची रेघ २०३८ च्या सुमारास उपलब्ध पाण्याच्या रेघेला कापून वर जात होती आणि त्यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

तेवढ्यात पाणीपुरवठा विभागातले एक फिटर टाकीच्या खोलीची किल्ली न्यायला आत आले. रात्रपाळीचे. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली, सगळे त्यांना काका म्हणायचे. किल्ली घेऊन निघताना ते पडद्यासमोर थांबले.

"मॅडम, ही रेघ वर का जाते?"

मी सांगितलं. लोकसंख्या वाढतेय, नव्या वस्त्या होतायत. गेल्या अकरा वर्षांत शहरात सोडलेलं पाणी दरवर्षी साधारण दोन टक्क्यांनी वाढलंय, तोच वेग पुढे धरलाय. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्या वेगाने पस्तीस वर्षांत मागणी दुप्पट होते.

ते जरा वेळ रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माणसं वाढली तर दिवसाचं पाणी वाढायला पाहिजे. आमच्याकडे रात्रीचं वाढलंय."

मला ते लगेच कळलंच नाही. मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली, पुठ्ठ्याच्या कव्हरची, पाण्याने फुगलेली. टाकीच्या बाहेर जाणाऱ्या मोठ्या नळावर मीटर आहे. त्याचा आकडा ते रोज रात्री दोन आणि चार वाजता बघून लिहीत. कोणी सांगितलेलं नव्हतं. आधीचे फिटर लिहायचे, म्हणून हेही लिहीत राहिले. अशा आणखी पाच वह्या टाकीवरच्या कपाटात होत्या.

या कामाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते. रात्री दोन ते चार या वेळात शहर झोपलेलं असतं. कोणी अंघोळ करत नाही, भांडी घासत नाही. रुग्णालयं, रात्रपाळीचे कारखाने, कुठे एखादी भरत असलेली टाकी, एवढाच खरा वापर. तो वजा केला की उरलेलं पाणी जमिनीत जात असतं. म्हणून गळती ओळखायची सगळ्यांत साधी खूण म्हणजे रात्रीचा किमान प्रवाह. अर्थात नळांना चोवीस तास पाणी असेल तरच हे जमतं. त्या शहरात ते होतं. जिथे पाणी दिवसातून दोन-चार तासच येतं तिथे ही मोजणी अशी करता येत नाही.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या शिक्षणात ते होतं. पण पालिकेने मला महिन्याच्या बेरजा दिल्या होत्या आणि महिन्याच्या बेरजेत रात्र वेगळी दिसत नाही. मी टाकीतून सुटलेल्या पाण्याला 'मागणी' असं नाव दिलं आणि पुढे गेले. चूक तिथे झाली. लोकांनी वापरलेलं पाणी आणि वाटेत हरवलेलं पाणी मी एकाच नावाखाली घातलं आणि दोन्ही मिळून २०५० पर्यंत वाढवत नेलं.

घरी न जाता मी काकांबरोबर टाकीवर गेले.

दोन वाजता मीटरचा आकडा लिहिला. मग खाली शहरात उतरलो. काकांकडे ऐकण्याची काठी होती, लांब धातूची, वरच्या टोकाला कानाला लावायची वाटी. व्हॉल्व्हच्या झाकणातून ती आत टेकवायची आणि श्वास धरून ऐकायचं. पहिल्या तीन ठिकाणी मला काहीच ऐकू आलं नाही. चौथ्या ठिकाणी बारीक फुसफुस होती, न थांबणारी. रस्ता कोरडा, वर काही नाही. काका म्हणाले, "ही गेल्या उन्हाळ्यापासून आहे. वर पाणी दिसत नाही म्हणून तक्रार येत नाही, आणि तक्रार नाही म्हणून खोदायची परवानगी मिळत नाही."

हे वाक्य मी तिथेच लिहून घेतलं. मोठा नळ फुटला की रस्त्यावर कारंजं उडतं, फोन येतात, काही तासांत दुरुस्ती होते. ही बारीक गळती मात्र महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालू राहते आणि एकूण हिशोबात बहुतेक वेळा तीच जास्त पाणी खाते. शुद्ध केलेलं, क्लोरीन घातलेलं, वीज जाळून टाकीत चढवलेलं पाणी. माझ्या आराखड्यातल्या विजेच्या प्रकरणात पंपांचा वापर वाढत जाताना दाखवला होता. तो का वाढतोय ते मी त्या रस्त्यावर उकिडवी बसून ऐकत होते.

चार वाजता परत आकडा घेतला. सहाही वह्या टेबलावर मांडल्या आणि मी हिशोबाला बसले. सर्वांत जुन्या वहीत रात्रीचा प्रवाह दिवसभराच्या सरासरीच्या सुमारे एक तृतीयांश होता. शेवटच्या वहीत तो निम्म्यावर आला होता. मी घाईने रात्रीची गळती काढून तिला चोवीस तासांनी गुणलं. आकडा इतका मोठा आला की मला धडकीच भरली. काकांनी तो बघून मान हलवली. "दिवसा दाब एवढा नसतो, मॅडम." बरोबर होतं त्यांचं. रात्री वापर थांबला की नळातला दाब चढतो आणि दाब चढला की त्याच भोकातून जास्त पाणी जातं. त्यामुळे रात्रीचा आकडा जसाच्या तसा चोवीस तासांना लावता येत नाही. पहाटे पाचला सहायक अभियंत्यांना उठवून दिवसाच्या दाबाच्या नोंदी मागवल्या आणि पुन्हा मांडणी केली. आकडा उतरला, तरीही अकरा वर्षांत वाढलेल्या पाण्याचा बराच मोठा भाग गळतीचाच निघाला.

आठ वाजता लेखा विभाग उघडला. बिलांच्या नोंदी तिथे होत्या. मी त्या कधी मागितल्या नव्हत्या, कारण त्यांचे विभाग आणि माझ्या नकाशातले विभाग जुळत नव्हते. बिलातलं पाणी अकरा वर्षांत जेमतेम वाढलं होतं. माणसं वाढली होती, पण माणशी वापर घटला होता.

सभेला दोन तास होते आणि मला राहून राहून आमची कार्यशाळा आठवत होती. जपानमधल्या याहाबा या गावाने २०१५ मध्ये एक सुंदर प्रयोग केला होता. काही नागरिकांनी २०६० मधले रहिवासी व्हायचं आणि तिथून आजच्या लोकांशी बोलायचं. त्यातून तिथल्या लोकांनी पुढच्या पिढीच्या नळांसाठी स्वतःची पाणीपट्टी वाढवून घ्यायला पाठिंबा दिला. अर्थतज्ज्ञ तात्सुयोशी साइजो यांची ही पद्धत मला फार प्रिय आहे. आम्हीही ती वापरली, २०५० चे नागरिक टेबलाच्या एका बाजूला बसवले. त्यांनी कळकळीने धरण मागितलं. का मागणार नाहीत? त्यांच्या हातात कागद माझा होता. भविष्यातल्या माणसांना मी बोलायला जागा दिली आणि त्यांच्या तोंडी माझी चूक घातली. याची बोच अजून गेलेली नाही.

आणि दुसरी गोष्ट. पर्यावरण आणि विकासावरच्या १९९२ च्या रिओ परिषदेत 'अजेंडा २१' हा कृतिकार्यक्रम ठरला, त्याचं अठ्ठाविसावं प्रकरण स्थानिक संस्थांबद्दल आहे. लोकांशी सल्लामसलत करून आराखडे करा, असं ते सांगतं. आम्ही ती केली होती. व्यापारी, शाळकरी मुलं, ज्येष्ठ नागरिक, सगळ्यांच्या बैठका घेतल्या. जे लोक रोज रात्री त्या नळांवर काम करतात त्यांची एकही बैठक झाली नव्हती. ते पालिकेचेच कर्मचारी, म्हणून त्यांना आम्ही 'नागरिक' धरलं नाही, आणि अधिकारी नाहीत म्हणून 'तज्ज्ञ'ही धरलं नाही.

सभेत मी आधी चूक सांगितली, मग आकडे. सभागृह शांत झालं, ते मला सोसवत नव्हतं. नगराध्यक्षांनी फक्त एवढंच विचारलं की हे काल का नाही सांगितलं. काल मला माहीत नव्हतं, हे खरं उत्तर होतं आणि तेच मी दिलं.

मग एका ज्येष्ठ सदस्या उठल्या. "चौदा महिने तुम्ही चुकलात म्हणता. एका रात्रीत केलेला हिशोब बरोबर कशावरून?"

हा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, खात्री देत नाही. पण दोन चुकांची किंमत सारखी नाही. आधी गळतीचं काम हाती घेतलं आणि माझा नवा हिशोब चुकला, तर दोन वर्षांनी धरणाचा ठराव पुन्हा आणता येईल, थोडा वेळ वाया जाईल. आधी धरण बांधलं आणि जुना हिशोब चुकीचा निघाला, तर बुडालेली दरी परत वर काढता येणार नाही.

कोणीतरी विचारलं, अशी गळती खरोखर आटोक्यात येते का? मी कंबोडियाच्या राजधानीचं उदाहरण दिलं. नॉम पेनमध्ये १९९३ साली सोडलेल्या पाण्यातलं ७२ टक्के पाणी बिलात येतच नव्हतं. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख 'एक सोन चान' यांच्या कारकिर्दीत घरोघरी मीटर बसले, जुने नळ बदलले, चोरटे जोड तोडले, गळती शोधायला पथकं फिरली आणि २०१० च्या सुमारास ते प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आलं. युद्धाने मोडून पडलेल्या शहराने हे केलं. त्यांना सतरा-अठरा वर्षं लागली, हेही मी सांगितलं, कारण सभागृहाला लगेच दिसणारं फळ हवं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. दुरुस्त झालेल्या नळाचं उद्घाटन करता येत नाही. तो पुन्हा मातीखाली जातो.

अभियंत्यांनी मात्र जोरदार साथ दिली. त्यांनी दाखवून दिलं की पालिका वर्षाला एक टक्कासुद्धा नळ बदलत नाही. म्हणजे आज घातलेल्या नळाची पाळी पुन्हा यायला शंभराहून जास्त वर्षं. एवढं आयुष्य सगळ्या नळांना नसतं.

दुपारपर्यंत ठराव झाला. धरण आराखड्यातून काढलं नाही, दोन वर्षांसाठी थांबवलं. शहराचे छोटे विभाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र मीटर बसवायचं, रात्री दाब कमी करणारे व्हॉल्व्ह लावायचे आणि दर वर्षी नळबदलीची रक्कम अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली धरायची. शेवटच्या मुद्द्यासाठी मी सर्वांत जास्त भांडले. पंचवीस वर्षांचा आराखडा कपाटात जाऊन बसतो, अंदाजपत्रक दर वर्षी उघडावंच लागतं. शिवाय विभागवार रात्रीचे आकडे दर तीन महिन्यांनी सभेपुढे यावेत, हेही मंजूर झालं.

धरण लागणारच नाही असं मी आजही म्हणणार नाही. पाऊस बेभरवशाचा होत चाललाय आणि वरचे डोंगर पूर्वीइतकं पाणी धरतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण ते लागलंच, तर खऱ्या तहानेसाठी लागेल.

पहिल्या वर्षी फक्त दाबाचे व्हॉल्व्ह बसले आणि न खोदताच रात्रीचा आकडा खाली आला. दुसऱ्या वर्षी ती फुसफुसणारी जागा खोदली. जुन्या सांध्यातलं रबर गेलं होतं, हाताच्या पंजाएवढा तुकडा. काकांनी तो माझ्यासाठी ठेवला होता, आता माझ्या टेबलावर असतो. नव्या आराखड्याचा पहिला तक्ता त्यांच्या वहीतला आहे, त्यांचं नाव घालून.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. निवृत्त झालेत, पण नव्या मुलांना काठी धरायला शिकवायला अजून जातात.

"मॅडम, पश्चिमेच्या विभागात आकडा परत चढलाय. मुलांना जागा सापडत नाहीये. शुक्रवारी रात्री येताय का?"

मी हो म्हटलं.