नीलिक्सचं स्वयंपाकघर आणि दीडशे माणसांचा भात

'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' ही अंतराळयानाची टीव्ही मालिका (1995 ते 2001) बघितलेल्या चार माणसांत यानावरच्या स्वयंपाकी आणि वाटाड्या नीलिक्सचं नाव काढा, लगेच दोन तट पडतात. काहींचा तो लाडका, बाकीच्यांच्या डोक्यात जातो. चिडण्याची कारणं खरी आहेत. व्हल्कन वंशाच्या गंभीर अधिकारी ट्यूवॉकच्या मागे 'मिस्टर व्हल्कन' करत फिरणं, मैत्रिणीवरून यानचालक टॉम पॅरिसशी धुसफूस, आणि लिओला कंदाच्या रश्श्याला ज्याने त्याने नाक मुरडायचं, हा ठरलेला विनोद. पण माझ्या मते एथन फिलिप्सने भूमिका चोख केली आहे. पात्र फसलं ते त्याच्या स्वयंपाकघरामुळे.

दीडशे माणसांचं हे जहाज घरापासून 70,000 प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय, परतायला 75 वर्षं लागणार. ऊर्जा वाचवायची म्हणून रेप्लिकेटरवर, म्हणजे हवं ते जेवण क्षणात घडवून देणाऱ्या यंत्रावर, रेशन आलं. मग नीलिक्सने कॅप्टनची खासगी जेवणाची खोली परस्पर ताब्यात घेऊन तिथे चूल मांडली. मालिकेने हे हसण्यावारी नेलं. हिशेब मात्र नीलिक्सच्याच बाजूने आहे.

ऊर्जेपासून थेट पाव किलोचं जेवण घडवायचं म्हटलं, तर आइन्स्टाइनच्या सूत्राने 2.25 × 10^16 ज्यूल लागतात, म्हणजे 625 कोटी युनिट. आपलं नाशिकजवळच्या एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र 630 मेगावॅटचं, 210 चे तीन संच. तिन्ही संच पूर्ण क्षमतेने रात्रंदिवस चालवले, तर एका ताटाची वीज तयार व्हायला सुमारे 413 दिवस लागतील. आता दुसरी बाजू बघा. दीडशे माणसांचा 15 किलो तांदूळ शिजवायला किलोभर गॅस पुरतो, म्हणजे जेमतेम 13 युनिट उष्णता. रेप्लिकेटर साठवलेल्या कच्च्या मालातून जेवण जुळवतो असं मानलं, तर ऊर्जा कितीतरी कमी लागेल हे खरं. पण मग एवढ्या कडक रेशनची गरजच उरत नाही. आणि याच जहाजावर होलोडेक, म्हणजे खरी वाटणारी आभासी दृश्यं उभी करणारी करमणुकीची खोली, मात्र बिनधास्त चालू! त्याची ऊर्जा इतर यंत्रणांना जुळत नाही, एवढ्या एका वाक्यावर तो प्रश्न मिटवला गेला.

तेव्हा चूल मांडणं हा अख्ख्या जहाजावरचा सगळ्यात शहाणा निर्णय होता. तो पटत नाही तो सेटमुळे.

लग्नाच्या लॉन्सवर दीडशे पानांचं काम घेणाऱ्या कुठल्याही आचाऱ्याला विचारा. 15 किलो तांदळाला 30 लिटर पाणी, 60-70 लिटरचं पातेलं, आणि शिजल्यावर ते उतरवायला दोन धट्टीकट्टी माणसं. माणशी दीडशे ग्रॅम धरली तरी 22 किलो भाजी, ती निवडून चिरायला एकट्याला दोन-अडीच तास. डाळ, पोळ्या, खरकटं वेगळंच. हे सगळं दिवसातून तीनदा. पडद्यावर मात्र एक ओटा, घरगुती मापाची भांडी, आणि बहुतेक वेळा एकटा नीलिक्स. तोही गप्पा मारत. हाताखाली चार माणसं नाहीत, कोठीघर दिसत नाही, धुराड्याचा पत्ता नाही. धुराडं नसण्यामागे एक व्यवहार असतो: सेटचं छत बरेचदा उघडं ठेवतात, दिवे तिथून सोडायचे असतात. पण एवढी वाफ आणि तेलाचा धूर बंद जहाजात गेला कुठे?

याचं उत्तर मालिकेने एकदाच दिलं, आणि फार छान दिलं. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात नीलिक्सने मुरवलेल्या चीजमधले जंतू हवेच्या नळ्यांतून पसरतात आणि जहाजाच्या संगणकातल्या जैविक जेल-पॅकना संसर्ग होतो. उपाय म्हणून जेल-पॅकना मुद्दाम तापवावं लागतं, अंगात ताप चढावा तसं. इथे विनोद, सेट आणि विज्ञान एका धाग्यात आलेत. असं दर सीझनला दोनदा झालं असतं, तर नीलिक्सवर वाद झालाच नसता.

जहाजाच्या मालवाहू कक्षात भाजीपाल्यासाठी केलेल्या बागेचं तेच. माणसाचं पूर्ण पोट भरायला प्रखर कृत्रिम उजेडातही साधारण 40 चौरस मीटर पीक लागतं. दीडशे माणसांना 6,000 चौरस मीटर, म्हणजे साठेक गुंठे. मोहाडी-दिंडोरीकडे पॉलिहाऊस असलेल्यांना दीड एकर म्हणजे काय ते सांगायला नको. पडद्यावर दिसते ती बाग कोथिंबीर-मिरचीपुरती.

तमाशातल्या सोंगाड्याला राजासमोर वाटेल ते बोलायची मुभा असते. त्याच्या हसवण्याला तिथून वजन येतं. नीलिक्सला ते वजन अधूनमधूनच मिळालं. 'जेट्रेल'मध्ये कळतं की त्याचं सगळं कुटुंब एका अस्त्राने, तीन लाखांवर माणसांबरोबर संपलं. 'फेअर ट्रेड'मध्ये त्याला माहीत असलेला प्रदेशच संपतो, वाटाड्या म्हणून आपली गरज उरणार नाही या भीतीने तो नकाशासाठी नको त्या धंद्यात अडकतो. नीलिक्स आवडत नसेल त्यांनी हे दोन भाग आधी बघावेत.

कालिदास कलामंदिरात किंवा एकांकिका स्पर्धेत कुणी यान उभं करणार असेल, तर स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. ओट्याला दीड इंचाची उभी कड द्या, खऱ्या जहाजांच्या शेगड्यांनाही भांडी घसरू नयेत म्हणून कठडे असतात. फळ्यांवरच्या बरण्या पट्ट्याने बांधा, झाकणं कुलूपबंद करा. मागे एक मोठं पातेलं ठेवा आणि उचलायला दोन नट द्या. पाठीमागच्या फ्लॅटवर (नेपथ्याच्या खोट्या भिंतीवर) हवा ओढणारी जाळी रेखाटा, तिच्याभोवती तेलकट काळपट डाग रंगवा. यानाला धक्का बसला की नटांनी आधी हँडल पकडायचं आणि मग संवाद म्हणायचा.