माझा उडणारा बीव्हर

शाळेतल्या मित्रमैत्रिणींनो, आठवीच्या सहामाहीत 'जोड्या लावा' होतं. डावीकडे बीव्हर आणि वटवाघूळ. उजवीकडे 'कुरतडणारा प्राणी' आणि 'हातांचे पंख झालेला प्राणी'. वाघूळ म्हणजे पंख फुटलेला उंदीर, हे आमच्या घरी ठरलेलंच होतं. त्याला कुरतडायला बसवलं. उरलेला बीव्हर आपोआप उडाला! बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि दहावीपर्यंत माझं नाव बीव्हर पडलं.

मधल्या सुट्टीत बाई मला पटांगणामागच्या वडाखाली घेऊन गेल्या. त्या वडावरची वाघळं तुम्हाला आठवत असतील. सफाईची पाळी आली की त्यांनी चोखून टाकलेला चोथा आपणच झाडायचो. "हात पसर," बाई म्हणाल्या, "बोटं हातभर लांबव, मध्ये कातडं ताण. झालं वाघूळ." ही मोठी फळवाघळं. पंखांचा पसारा चार-पाच फूट, डोळे टपोरे. आंधळी तर नाहीतच. आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढणारी ती किडे खाणारी छोटी वाघळं वेगळी. उंदराशी यांचं गोत्र जुळत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंही फळवाघळांना उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत 'उपद्रवी' म्हणून बसवलं होतं, हे पुढे कळलं. माझे तर दोनच गुण गेले.

खरा बीव्हर दिसला तो नोकरीसाठी कॅनडात, ओटावाला आल्यावर, गॅटिनो पार्कमधल्या तळ्याकाठी. तिन्हीसांजेला पाण्यावर फाटकन आवाज झाला नि मी दचकलो. शेपटी आपटून त्यानं घरच्यांना माझी वर्दी दिली होती. वीसेक किलोचा, उंदराच्याच गणातला गडी! पुढचे दात नारिंगी, कारण त्यांच्या एनॅमलमध्ये लोह असतं. ते जन्मभर वाढतात, म्हणून जन्मभर झिजवायचे. ओठ दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे पाण्याखाली फांदी कुरतडली तरी घशात पाणी जात नाही. फांद्या आणि चिखलाच्या बांधानं ओढा अडवून हे असली तळी तयार करतात. आपल्या वडावरची वाघळीण वर्षाला एकच पिल्लू छातीशी धरून उडते. इथे तीन-चार पिल्लं होतात आणि दोन वर्षं आईबापांच्या घरातच राहतात.

मी लगेच बाईंना फोटो पाठवला. वय झालंय, चष्मा जाड झालाय. उत्तर मात्र मिनिटभरात आलं:

"उडाला का रे?"