तुम्ही विचारलेत म्हणून: रॅपरचे ओठ जुळतात कसे?

फोंड्यातल्या माझ्या एडिटिंगच्या खोलीत येणारी बहुतेक मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: हिप-हॉपच्या व्हिडिओत ऐकू येते ते स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले गाणे, आणि दिसतो तो भर कार्यक्रमातला रॅपर, मग त्याचे ओठ जुळतात कसे? खरे उत्तर असे की बराच वेळ ते जुळतच नाहीत, आणि ते तुमच्या लक्षात येऊ नये याचेच मला पैसे मिळतात.

रंगमंचावरचा रॅपर स्टुडिओतल्यासारखा कधीच म्हणत नाही. धाप लागली की तो ओळीतले दोन शब्द गिळतो, उत्साहाच्या भरात ठेक्याच्या पुढे धावतो, आणि यमकाचा शब्द आला की माइक प्रेक्षकांकडे करून मोकळा होतो. म्हणून मी आधी शाळेत शिकलेले ओष्ठ्य वर्ण शोधतो. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर चूक पकडते ती तिथेच. हे वर्ण जुळले, तर मधल्या त, क, र यांचे कुणी फारसे मनावर घेत नाही. जिथे तेही जुळत नाहीत तिथे चेहरा सोडून द्यायचा, आणि माइकभोवती आवळलेली मूठ किंवा पहिल्या रांगेत तीच ओळ ओरडणारी पोरे दाखवायची.

गेल्या डिसेंबरात म्हापशाजवळच्या एका कार्यक्रमाचे तीन कॅमेऱ्यांचे फुटेज माझ्याकडे आले. सॉफ्टवेअरने आवाजावरून तिन्ही क्लिप जुळवून दिल्या, तरी सर्वांत मागच्या कॅमेऱ्यातले ओठ सतत शब्दाच्या किंचित आधी हलत होते. रॅपरच घाई करतो आहे असे समजून मी त्याच्या नावाने दीड तास बोटे मोडली. मग डोक्यात प्रकाश पडला: तो कॅमेरा स्पीकरपासून सुमारे 35 मीटरवर होता, आणि तेवढे अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा दहावा भाग लागतो. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबाने हा अडीच फ्रेमचा फरक. क्लिप तेवढी पुढे सरकवताच सगळे जागेवर बसले.

दुसरा आग्रह असतो तो प्रत्येक ठोक्यावर कट मारण्याचा. मिनिटाला 90 ठोक्यांचे गाणे 24 फ्रेमवर चित्रित केले असेल, तर ठोका बरोबर 16 फ्रेमचा येतो, तेव्हा हे काम यंत्रालाही जमेल. पण असा व्हिडिओ दोन कडव्यांत डोळ्यांना थकवतो. माझे काका वास्कोच्या सप्ताहात पखवाज वाजवायचे. मधल्या मात्रांवर कितीही फिरले तरी समेवर ते चुकत नसत, आणि मी कट तसेच लावतो. एखादी उडी मात्र मुद्दाम दोनदा दाखवतो, कारण ती खोड या संगीताचीच आहे: 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून नुसत्या तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवीत असे.

म्हापशाच्या त्या व्हिडिओत एका जागी मी स्टुडिओतला आवाज पूर्ण बंद केला आहे. चार बार (एक बार म्हणजे चार ठोके), म्हणजे जेमतेम साडेदहा सेकंद, तुम्हाला मैदानातलाच फाटलेला आवाज ऐकू येतो. रॅपर थांबतो आणि उरलेली ओळ गर्दी पुरी करते. संपूर्ण व्हिडिओत ओठ खऱ्या अर्थाने जुळले आहेत ते तिथेच. त्याबद्दल मात्र अजून कुणी विचारलेले नाही. विचारतात ते एवढेच, की तेवढ्या भागात आवाज इतका खराब का आहे.