कॅरनटूहिल: 'सोप्पं आहे रे' म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका

आधी निकाल सांगतो, मग गोष्ट. कॅरनटूहिल या आयर्लंडच्या सगळ्यात उंच डोंगरावर डेव्हिल्स लॅडर नावाच्या वाटेने चढायचं तर चढा, पण उतरताना त्या वाटेला जाऊ नका. आणि विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात घ्यायला जाल तेव्हा पोटात अन्न आणि हातात विम्याचे कागद असू द्या. बाकी आयर्लंड छान आहे.

आम्ही चौघं पुण्याला एका होस्टेलवर होतो, 2003 साली पांगलो. त्यानंतर चौघं एकत्र आलो ते फक्त एकदा, एका लग्नात, आणि तेही जेवणाच्या रांगेत. आता आमची आडनावं गावांवरून पडली आहेत: डब्लिनकर, जर्सीकर, नाशिककर आणि मी पुणेकर. डब्लिनकर तिकडे चौदा वर्षं आहे, म्हणून बेत त्याचा. 2025 चा जून, सहा दिवस, केरी काउंटी, बायका-मुलं घरी. ग्रुपवर त्याने लिहिलं होतं: "आयर्लंडचं सगळ्यात उंच शिखर. 1038 मीटर फक्त. आपलं कळसूबाई 1646. सोप्पं आहे रे, सिंहगड समज."

या आकड्यांनी आम्हाला खड्ड्यात घातलं. बारी गाव मुळातच बरंच उंचावर आहे, तिथून कळसूबाई चढायचं. कॅरनटूहिलला जिथे गाडी लावतो ते क्रोनिन्स यार्ड समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरवर. म्हणजे निव्वळ चढाई नऊशेच्या आसपास. शिखराची उंची बघून ट्रेक ठरवू नये, हे आपण नवख्या पोरांना ऐकवतो, आणि बेचाळीस-त्रेचाळीसच्या वयात स्वतः तेच करून बसलो.

दुसरी फसगत नावाची. लॅडर म्हटल्यावर नाशिककरच्या डोळ्यांसमोर कळसूबाईच्या लोखंडी शिड्या. "शिड्या आहेत म्हणजे गुडघ्याचं काम नाही," असं तो जर्सीकरला विमानतळापासून समजावत होता. जर्सीकरचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेला. शिडीबिडी काही नाही. ती एक नाळ आहे. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केली असेल तर तिचा एक तुकडा कापा, त्यात पाण्याचा झरा सोडा, धोंड्यांमध्ये लाल चिखल भरा आणि वरून पन्नास माणसं सोडा. झाली डेव्हिल्स लॅडर.

सुरुवात फसवी आहे. यार्डपासून गॅडा नदीच्या कडेने रुंद वाट जाते, पूल आहेत, मेंढ्या आहेत, समोर हॅग्ज ग्लेन नावाची दरी उघडते आणि डाव्या-उजव्या हाताला दोन तळी लागतात. तासभर गप्पा मारत चाललो. होस्टेलच्या मेसवाल्याच्या आमटीपासून कोणाचं कोणाशी जमता जमता राहिलं इथपर्यंत सगळं निघालं. ही दरी एवढीच करून परत फिरलात तरी पैसे वसूल, हे प्रामाणिकपणे सांगतो. आम्ही परत फिरलो नाही.

तळी संपली की नाळ सुरू. खालचा टप्पा सुट्या दगडांचा, आपल्याकडच्या घसाऱ्यासारखा, फक्त ओला. मधे मोठे धोंडे आहेत, तिथे हात लावावे लागतात. सगळ्यात वाईट वरचे शेवटचे तीस-चाळीस मीटर. वर्षानुवर्षांच्या पायांनी माती निघून गेली आहे आणि उरलाय तो चिखल आणि त्यात अडकल्यासारखे वाटणारे दगड. वाटणारे. नाशिककरने एकाला हात घातला आणि तो दगड सुटला. तो जिवाच्या आकांताने "दगड! दगड!" असं मराठीत ओरडला. खालून येणारे दोन आयरिश पोरगे चटकन भिंतीला चिकटले. भाषा कळली नसेल, सूर कळला. दगड त्यांच्यामधून गेला. पुढची दहा मिनिटं आमच्यात कोणी बोललं नाही.

म्हणून सूचना. इथे एकामागे एक, अंतर सोडून चढू नका. एकमेकांना खेटून राहा, म्हणजे सुटलेल्या दगडाला वेग येण्याआधीच मागच्याला तो अडवता येईल. नाहीतर आधीच्या गटाला पूर्ण वर जाऊ द्या. शनिवार-रविवार टाळा. हेल्मेट घातलेले लोक दिसले, मला हसू आलं होतं, आता येत नाही. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर नाळेत पाणी वाहत असतं, तेव्हा बेतच रद्द करा. केरीत आदल्या रात्री पाऊस नसणं ही चैन आहे, हेही लक्षात घ्या.

वर खिंडीत पोचलो तेव्हा जर्सीकरचा चेहरा पांढरा पडला होता. शिखर तिथून अजून तीनेकशे मीटर वर, दगडधोंड्यांतून. वाटेवर खुणा, बाण, पाट्या काही नाहीत. धुकं आलं आणि शिखरावरचा लोखंडी क्रॉस आम्हाला दहा पावलांवर दिसला. 2014 साली तो कोणीतरी रात्रीतून कापून पाडला होता, मग लोकांनी परत उभा केला. इथून उतरताना धुक्यात दिशा चुकली तर उत्तरेकडे कडे आहेत. फोनवरच्या निळ्या ठिपक्याचं कौतुक सोडा, ऑफलाइन नकाशा आणि साधं होकायंत्र ठेवा, आणि ते वाचता येणारा एक माणूसही. अडकलात तर 112 फिरवून माउंटन रेस्क्यू मागायचं. केरीचं पथक स्वयंसेवकांचं आहे, कामधंदा टाकून येतात, तेव्हा बूट भिजले म्हणून बोलावू नका.

शिखरावर वीस मिनिटं बसलो. नाशिककरने चिवडा काढला. वाऱ्याने पोहे उडाले, शेंगदाणे तेवढे हाती लागले. 22 वर्षांनी चौघं एका दगडाला टेकून बसलोय, समोर काहीही दिसत नाही, दात वाजतायत, आणि डब्लिनकर सांगतोय की धुकं नसतं तर समुद्र दिसला असता. कॉलेजात हाच माणूस "पेपर सोपा होता" म्हणायचा.

खिंडीत परत आल्यावर एक म्हातारे गृहस्थ भेटले, सत्तरीचे असावेत, काठी हातात. ते म्हणाले, लॅडरने उतरू नका, समोरच्या नॉक ना टिन्या डोंगरावर चढा आणि पलीकडून झिगझॅगने उतरा. आम्ही वर बघितलं. परत शंभरेक मीटर चढ! जर्सीकर म्हणाला, "आता एक इंचही वर जाणार नाही." म्हणून लॅडर. ही आमची सगळ्यात मोठी चूक. उतरताना प्रत्येक पाऊल सुट्या दगडावर, वरून माणसं, खालून माणसं. जर्सीकर निम्मी नाळ बसून उतरला. मी त्याच्या पुढे, पाठ दरीकडे, त्याचा बूट हाताने धरून दगडावर ठेवत होतो. तेवढ्या नाळेला दोन तास लागले. रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो म्हणून निभावलं. नोव्हेंबरात हाच प्रकार झाला असता तर हे लिहायला मी नसतो. पूर्ण फेरी बारा-तेरा किलोमीटरची, लोक सहा तास सांगतात, आम्हाला साडेनऊ लागले.

तेव्हा झिगझॅगने उतरा. तो जास्तीचा चढ रडत-रडत चढा, पण चढा. दुसऱ्या दिवशी आम्ही खालूनच बघितली, चांगली बांधलेली वळणावळणाची वाट दिसत होती. बघून जर्सीकरने डब्लिनकरला जे काही म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

आणि मग रात्री जेवताना उलगडा झाला. डब्लिनकर स्वतः लॅडरने कधी गेलाच नव्हता. आठ वर्षांपूर्वी ऑफिसच्या लोकांबरोबर, वाटाड्या घेऊन, पश्चिमेकडच्या कॅहर शिखरावरून गेला होता. "डोंगर तोच ना," म्हणाला. वाटाड्या घ्या. चौघांत वाटला तर खर्च रात्रीच्या जेवणाएवढा येतो.

आता गाडी. डब्लिनकरची स्वतःची गाडी लहान, म्हणून डब्लिन विमानतळावर मोठी भाड्याने घेतली, माझ्या नावावर. इंटरनेटवर दिवसाला 40 युरो. काउंटरवर गेल्यावर कळलं की साध्या विम्यात काही झालं तर पहिले अडीच हजार युरो माझे, आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवणार. मी वेगळ्या कंपनीकडून त्या रकमेचा विमा घेऊन गेलो होतो. काउंटरवरचा मुलगा गोड हसून म्हणाला, तो तुमच्याकडे राहू द्या, आम्ही पैसे अडकवणारच. नको असेल तर आमचा विमा घ्या, दिवसाला 31 युरो. जर्सीकरने ऐटीत आपलं अमेरिकन कार्ड काढलं, त्यात गाडीचा विमा फुकट असतो म्हणे. तो विमा आयर्लंडमध्ये चालत नव्हता. अनेक अमेरिकन कार्डांनी आयर्लंड वगळलेलं असतं, निघण्याआधी कार्डवाल्यांकडून लेखी घ्या. माझ्या कार्डाची मर्यादा तेवढी नव्हती. डेबिट कार्ड तिथे चालत नव्हतं. रात्रभराच्या प्रवासाने डोळे मिटत होते. सही केली. 186 युरो.

म्हणजे 40 ची गाडी 71 ला पडली. तुलना करताना जाहिरातीतला आकडा बघूच नका, सगळ्या विम्यासकटचा आकडा बघा. कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. भारतीय लायसन्स इंग्रजीत असेल तर पर्यटकाला चालतं. डाव्या बाजूने गाडी चालवायची असल्याने आपल्याला सोपं, जर्सीकरला मात्र स्टिअरिंग देऊ नका. त्याने पहिल्याच चौकात आम्हाला देव आठवून दिला. आणि डब्लिनच्या एम 50 रस्त्यावर टोलनाका नसतो, कॅमेरा असतो. तो टोल दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरावा लागतो. गाडीवाले भरतात की तुम्ही, हे काउंटरवरच विचारा.

गावातल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना दगडी बांध किंवा झुडपं, मधे एकच गाडी मावेल एवढी जागा. फेब्रुवारी 2025 पासून अशा रस्त्यांना ताशी 60 ची मर्यादा आहे. 60 ने जाऊन दाखवा. समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यावी लागते, आपण ताम्हिणीत घेतो तशी, फक्त इथे समोरचा हात करून आभार मानतो. नकाशावरच्या वेळेत निम्मी वेळ मिळवा.

डिंगल द्वीपकल्पाचे दोन दिवस मस्त गेले. स्ली हेडचा रस्ता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करा, मोठ्या बस तशाच जातात, समोरासमोर येणार नाहीत. 1953 साली माणसं हलवून रिकामी केलेली ब्लास्केट बेटं तिथून दिसतात. त्या भागात पाट्या आयरिश भाषेत असतात. रस्त्यावर 'गो मॉल' असं वाचता येणारी अक्षरं रंगवलेली दिसली आणि जर्सीकर म्हणाला, अरे वा, इथे मॉल आहे. त्याचा अर्थ 'हळू चालवा' असा आहे. बाकी या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सगळं सुरळीत होतं.

शेंगेन व्हिसावर आयर्लंडमध्ये जाता येत नाही, वेगळा काढा. पेढे, बर्फी नेऊ नका, युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. चिवडा, बाकरवडी चालते. जूनचा पहिला सोमवार तिकडे सुट्टीचा असतो, त्याला जोडून आधी येणाऱ्या शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव वाढतात. आम्ही नेमके तेव्हाच गेलो, कारण डब्लिनकरला रजा वाचवायची होती.

गाडी परत करताना एका माणसाने टॉर्च घेऊन चारी बाजूंनी बघितलं. डावा आरसा झुडपाला घासून पार खरवडला होता, कुठे ते आम्हाला आठवतही नव्हतं. त्याने कागदावर नजर टाकली, पूर्ण विमा आहे बघून मान हलवली आणि किल्ली घेतली. "बघ, 186 युरो वसूल," डब्लिनकर म्हणाला. टर्मिनलच्या बसमध्ये मी त्याच्याशी बोललो नाही.