मेंदूतला रक्तस्राव: बीपी कधी आणि किती उतरवायचं

सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसला आणि वरचं बीपी १५० ते २२०च्या दरम्यान असेल, तर लक्ष्य १४०. औषध सुरू केल्यापासून तासाभरात तिथे पोचायचं, मग १३० ते १५०मध्ये टिकवायचं. रक्ताची गाठ मुख्यतः पहिल्या काही तासांत वाढते, त्यामुळे आयसीयूत खाट मिळेपर्यंत थांबू नये.

बीपी उतरवायला लॅबेटॅलॉल १० ते २० मिग्रॅ शिरेतून, एक-दोन मिनिटांत सावकाश. दर पाच मिनिटांनी बीपी, गरज पडल्यास दहा मिनिटांनी पुन्हा डोस. दमा किंवा मंद नाडी असेल तर निकार्डिपीन हे दुसरं औषध शिरेतून पंपावर, तासाला ५ मिग्रॅपासून. जिभेखाली निफेडिपीन देण्याची जुनी सवय सोडाच. बीपी किती कोसळेल याचा नेम नाही. १३०च्या खाली नेणंही धोक्याचं, मूत्रपिंडांना फटका बसतो.

पुष्कळदा गडबड मोजण्यातच असते. जाड दंडावर लहान कफ (बीपी यंत्राचा पट्टा) बांधला की आकडा खोटाच चढतो. तुंबलेली लघवी आणि वेदनाही बीपी वाढवतात. आधी त्या बघा.

स्कॅनआधी मात्र घाई नको. चीनमध्ये पक्षाघाताचा संशय असलेल्यांचं रुग्णवाहिकेतच बीपी उतरवून पाहिलं गेलं (इंटरॅक्ट-४ चाचणी, २०२४): रक्तस्राववाल्यांना फायदा झाला, गुठळीने मेंदूची रक्तवाहिनी बंद झालेल्यांना नुकसान.